आजोबांचा चार्ज

आमच्या घरात माणसं चार आणि चार्जर तीन. हे गुणोत्तर काटकसर म्हणून मीच ठरवलं आणि गेली काही वर्षं रोज रात्री त्याचं व्याज भरतो आहे. जेवणं आटोपली की भिंतीवरच्या प्लगपाशी जी धुमश्चक्री उडते ती पाहिल्यावर, एक तारखेला आमच्या काउंटरवर होणारी पेन्शनरांची गर्दी म्हणजे कीर्तनाची बैठक वाटावी.

तर २०२४ च्या जानेवारीत एका रविवारी चिरंजीवांनी, मोबाइलमध्ये तीन टक्के धुगधुगी उरलेली असताना, एक बातमी वाचून दाखवली. चीनमधल्या बीटाव्होल्ट नावाच्या कंपनीने अणुशक्तीवर चालणारी बॅटरी तयार केली आहे. आकाराने रुपयाच्या नाण्याहून लहान, आत निकेल-६३ नावाचा किरणोत्सारी धातू, आणि एकदा बसवली की पन्नास वर्षं चार्जिंग नको.

"पन्नास वर्षं!" स्वयंपाकघरातून आवाज आला. "मग दोन आणा." आमच्या हिला कुठलीही वस्तू एक आणायची सवय नाही.

मी बी.कॉम. आहे. मोठं अक्षर सोडून तळचं बारीक अक्षर आधी वाचायचं, एवढंच आमचं शिक्षण. मी मोबाइल हातात घेतला. तळाशी लिहिलं होतं, बॅटरीची शक्ती १०० मायक्रोवॅट. म्हणजे एका वॅटचा दहाहजारावा भाग. मोबाइल चालवायचा तर अशा हजारो बॅटऱ्या लागणार. मोबाइल खिशात आणि बॅटरी पोत्यात! मी हा हिशेब जाहीर केला, आणि घरात ज्या नजरेने कर्जाचा अर्ज नामंजूर करणाऱ्याकडे पाहतात तसं सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात वर्तमानपत्राच्या आडून नाना, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "पन्नास वर्षांचं काय घेऊन बसलात? आप्पांच्या घड्याळाला कधी चार्जिंग करावं लागलं होतं?"

आप्पा म्हणजे माझे आजोबा. रेल्वेत मालगाडीचे गार्ड. दौंड-मनमाड ह्या टापूत त्यांनी आयुष्यातल्या निम्म्या रात्री गाडीच्या शेवटच्या डब्यात काढल्या. लढाई संपल्यावर लष्कराचं जुनं सामान बाजारात आलं तेव्हा पुण्याच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक मनगटी घड्याळ घेतलं. काळी डायल, त्यावर रेडियमचे आकडे. नाना सांगतात, लहानपणी आप्पा रात्रपाळीहून येऊन झोपले की हे आणि आत्या त्यांचा हात हळूच गोधडीत ओढून घ्यायचे आणि त्या हिरव्या उजेडात एकमेकांची तोंडं पाहायचे. माझ्या वाट्याला ते घड्याळ आलं तोवर विझून गेलं होतं. आकडे तपकिरी पडलेले, काचेच्या आत जरा भुकटी सांडलेली. गेली कित्येक वर्षं ते फळीवरच्या एका पत्र्याच्या डब्यात आहे. डब्यावर चिठ्ठी आहे, ‘शंकरपाळे’.

चिरंजीवांनी डबा काढला. घड्याळ उलटंसुलटं करून पाहिलं, आणि ज्या वाक्यासाठी मला पुढचे चार रविवार वाचनालयात घालवावे लागले ते वाक्य म्हणाले, "बाबा, हे उघडून बघू या ना. मी व्हिडिओ काढतो."

आता रेडियम हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की त्याची भीती वाटायचं काही कारणच उरलेलं नाही. तालुक्याच्या कुठल्याही गावात जा, एसटी स्टँडाच्या बाहेर ‘रेडियम आर्ट’ची टपरी असते. तिथे मोटारसायकलच्या नंबरापासून ‘आईचा आशीर्वाद’पर्यंत सगळं रेडियममध्ये कापून मिळतं. त्यात रेडियमचा कणही नसतो. तो उजेड परत फेकणारा प्लॅस्टिकचा कागद. खरं रेडियम मात्र आमच्या घरी शंकरपाळ्यांच्या नावावर जमा!

रेडियम पॅरिसमध्ये १८९८ साली मादाम क्यूरी आणि त्यांचे यजमान पियरे क्यूरी यांना सापडलं. वस्तू अशी की न पेटवता उजेड द्यावा आणि न चुलीवर ठेवता कोमट राहावी. १९२१ साली अमेरिकेतल्या बायकांनी वर्गणी काढून मादाम क्यूरींना एक ग्रॅम रेडियम भेट दिलं, त्याची किंमत एक लाख डॉलर होती. वर्गणीतून हिशेबाला पुरून उरणारी भेट देता येते हे आमच्या स्टाफ वेल्फेअर कमिटीला कुणीतरी सांगायला हवं. तिथे निवृत्त होणाऱ्याला भिंतीवरचं घड्याळच मिळतं. असो.

आमच्या वाणिज्य शाखेच्या माणसाला ह्यातली एक गोष्ट मात्र शास्त्रज्ञांपेक्षा लवकर कळते, ती म्हणजे अर्धायुष्य. कॉलेजात घसारा काढायच्या दोन पद्धती शिकवतात. पहिलीत दर वर्षी ठरावीक रक्कम वजा करायची. दहा वर्षांत यंत्र शून्य, विषय मिटला. दुसरी घटत्या शिलकीची. दर वर्षी जी शिल्लक असेल तिच्यावर ठरावीक टक्के. ह्या पद्धतीत यंत्र कधी शून्यावर येतच नाही. कितीही पानं उलटा, काहीतरी रुपये-पैसे खाली उरतातच. निसर्ग ह्या दुसऱ्या पद्धतीचा. किरणोत्सारी पदार्थाची शिल्लक निम्मी व्हायला जेवढा काळ लागतो ते त्याचं अर्धायुष्य. निकेल-६३ चं शंभर वर्षांच्या आसपास. रेडियमचं १,६००. आप्पांच्या घड्याळातलं रेडियम १९४४ च्या सुमाराचं धरलं, तर आज शंभरातलं साडेशहाण्णव शिल्लक आहे. मी कॅल्क्युलेटरवर दोनदा करून पाहिलं.

मग उजेड गेला कुठे? तर उजेड रेडियमचा नव्हताच. १९०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेत विल्यम हॅमर नावाच्या इंजिनियराने रेडियममध्ये झिंक सल्फाइड मिसळून रंग केला. रेडियमचे कण झिंक सल्फाइडला अहोरात्र बडवतात आणि ते बिचारं चमकतं. काही वर्षांनी मार खाणारा थकतो. बडवणारा शाबूतच.

त्या काळात लोकांना रेडियमचं जे वेड लागलं होतं ते वाचून मला फार बरं वाटलं. मूर्खपणात आपण एकटे नाही एवढा दिलासा इतिहासातून नेहमी मिळतो. अमेरिकेत रेडियमयुक्त पाणी, रेडियमयुक्त मलम, पाण्यात रात्रभर मुरवत ठेवायची भांडी, सगळं विकायला होतं. पुष्कळ मालात रेडियम नसायचंच, कारण ते परवडायचं नाही. भेसळीने माणसांचे जीव वाचल्याचं हे माझ्या माहितीतलं एकमेव उदाहरण. विल्यम बेली नावाचा एक गृहस्थ मात्र सचोटीचा निघाला. त्याच्या ‘रॅडिथॉर’ ह्या बाटलीबंद पाण्यात खरोखरच रेडियम होतं. नसल्याचं सिद्ध करणाऱ्याला त्याने १,००० डॉलरचं बक्षीस लावलं होतं. एबेन बायर्स ह्या कारखानदाराने, जो गॉल्फमधला हौशी विजेता होता, हाताच्या दुखण्यावर म्हणून ह्या पाण्याच्या सुमारे १,४०० बाटल्या रिचवल्या. १९३२ साली तो गेला तेव्हा त्याचा जबडा जवळजवळ उरला नव्हता. त्याला शिशाचं अस्तर लावलेल्या पेटीत पुरावं लागलं.

पण बायर्स निदान स्वतःच्या पैशाने पीत होता. न्यू जर्सीतल्या ऑरेंज नावाच्या गावच्या मुलींना रेडियम पगारासोबत मिळत होतं.

इथे माझा वाचनालयातला तिसरा रविवार गेला. वर्तमानपत्रं चाळणारी मंडळी उठून गेली, पंखा बंद झाला, आणि मी तसाच बसलो.

ऑरेंजला यूएस रेडियम कॉर्पोरेशनचा कारखाना होता. पहिल्या महायुद्धात सैनिकांना अंधारात दिसणारी घड्याळं हवी होती, म्हणून १९१७ पासून तिथे मुली डायलवर आकडे रंगवत. काम अंगावर, म्हणजे नगावर पैसे. डायलला सुमारे दीड सेंट, आणि दिवसाला अडीचशेच्या आसपास डायली. कुंचला उंटाच्या केसांचा. चार आकडे काढले की त्याचं टोक फिसकटतं. मग ते ओठांत धरून टोकदार करायचं, रंगात बुडवायचं, पुन्हा आकडा. असं करायला त्यांना शिकवलेलंच होतं. अपाय काही नाही, असं सांगितलेलं होतं. रसायनशाळेतले साहेब लोक मात्र रेडियम हाताळताना शिशाचा आडोसा आणि चिमटे वापरत. मुली मजेत होत्या. नखांना तो रंग लावायच्या, कधी दातांना. संध्याकाळी घरी जाताना त्यांचे केस आणि कपडे अंधारात चमकायचे, आणि गावातल्या इतर मुलींना त्यांचा हेवा वाटायचा.

रेडियम शरीरात गेल्यावर काय होतं हे मला बँकेच्या भाषेतच समजलं. रेडियम आणि कॅल्शियम एकाच घराण्यातले. आपलं शरीर म्हणजे जुना कारकून. सही जुळली की चेक पास. कॅल्शियम समजून ते रेडियम थेट हाडांत जमा करतं. तिथून पुढे १,६०० वर्षांच्या मुदतीची ठेव.

त्या मुलींमध्ये एक होती ग्रेस फ्रायर. अठराव्या वर्षी कामाला लागलेली. १९२० साली तिने कारखाना सोडला, कारण तिला अधिक चांगली नोकरी मिळाली. बँकेत. काउंटरवर.

हे वाक्य मी पुन्हा वाचलं. काउंटरमागच्या माणसाला काउंटरमागचं माणूस ओळखू येतं. दिवसभर हसून नोटा मोजायच्या, संध्याकाळी रोख जुळवायची, पैशाचाही फरक निघाला तर घरी जायचं नाही. दोनेक वर्षांनी ह्या मुलीचे दात पडू लागले. मग जबडा. मग पाठीचा कणा खचला, आणि ती पोलादी पट्टा बांधून कामावर जायला लागली. मला परवा सर्दी झाली तर मी दोन दिवसांची किरकोळ रजा टाकली होती.

वकील मिळायलाच तिला दोन वर्षं लागली. १९२७ साली तिने आणि आणखी चौघींनी दावा लावला. त्यांतल्या क्विंटा मॅक्डोनाल्ड आणि अल्बिना लॅरिस ह्या सख्ख्या बहिणी. त्यांची तिसरी बहीण मॉली त्याच कारखान्यात होती आणि १९२२ सालीच गेली होती. मृत्यूच्या दाखल्यावर भलताच, बदनामी करणारा रोग लिहिला होता. १९२७ साली तिचं शव उकरून काढलं. तिची हाडं अजून किरण सोडत होती. मेलेल्या माणसाने अशी साक्ष दिल्यावर खरं तर खटला संपायला हवा. पण कंपनीने मुदतीचा मुद्दा काढला. कायद्याने दोन वर्षांत दावा लावायला हवा होता, आणि दुखणं तर नोकरी सोडल्यावर कितीतरी काळाने बाहेर पडलेलं. मुदतबाह्य दाव्याची भाषा मी रोज वापरतो. एवढी कडू ती मला कधी लागली नव्हती. कोर्टात शपथ घेताना काहींचा हात वर होईना. आणि १९२८ च्या वसंतात सुनावणी सप्टेंबरवर ढकलली, कारण काय, तर कंपनीचे साक्षीदार उन्हाळ्यात युरोपला सहलीला जाणार!

वर्तमानपत्रांनी ओरड केली तेव्हा कुठे जूनमध्ये तडजोड झाली. प्रत्येकीला १०,००० डॉलर रोख, वर्षाला ६०० डॉलर, आणि दवाखान्याचा खर्च. क्विंटा १९२९ साली गेली. ग्रेस १९३३ साली. वार्षिकीचा हिशेब मला बसल्या जागी करता येतो. ग्रेसचे सगळे हप्ते मिळून ३,००० डॉलरच्या आसपास. कंपनीला ती स्वस्तात पडली. ज्या साबिन फॉन सोचोकीने तो कारखान्यातला रंग तयार केला होता तोही १९२८ सालीच रक्ताच्या त्याच दुखण्याने गेला, आणि १९३४ साली रक्ताच्याच दुखण्याने खुद्द मादाम क्यूरी. त्यांच्या वह्या पॅरिसमध्ये अजून शिशाच्या पेट्यांत ठेवल्या आहेत.

घरी आलो तर नाना विचारू लागले, "मग काय, घड्याळाने आप्पांना काही केलं म्हणतोस?" मी म्हटलं, नाही. काच बंद असलेलं घड्याळ मनगटावर बांधणाऱ्याला धोका फार थोडा. खरी भीती त्या भुकटीची, ती नाकातोंडात गेली तर. नाना जरा गप्प बसले. मग म्हणाले, "घड्याळजी ते उघडून फुंकर मारायचा. मी शेजारीच बसलेला असायचो." पुढे सावरून म्हणाले, "पण म्हातारा ऐंशीपर्यंत जगला हो." तेव्हा उगाच गळा काढायचं कारण नाही. तरी त्या रात्री नानांनी दात दोनदा घासले असं हिचं म्हणणं आहे.

आता एकदा शोध लागला म्हटल्यावर मला जिथेतिथे किरण दिसू लागले. आमच्या गावाकडच्या वरातीतली गॅसबत्ती घ्या. तिच्यातल्या त्या जाळीदार पिशवीला आमच्याकडे सगळे ‘मेंटल’ म्हणत. हात लावला की राख, आणि हात लावल्याशिवाय आम्हाला राहवत नसे. ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाखने १८९१ साली तिचं मिश्रण पक्कं केलं, शंभरात नव्याण्णव भाग थोरियमचं ऑक्साइड आणि एक भाग सेरियमचं. थोरियम किरणोत्सारी, अर्धायुष्य १,४०० कोटी वर्षं. त्याच्यावर घसारा काढायला बसलेल्या कारकुनाला बढतीची आशा नको. आणि गंमत पाहा, १९०९ साली शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनज्ञाला केरळातून आलेल्या काथ्याला चिकटलेली वाळू दिसली, तिच्यात थोरियमचं खनिज निघालं, आणि त्रावणकोरच्या किनाऱ्यावरची वाळू बोटीत भरून जर्मनीला जाऊ लागली. काथ्याची खरेदी आणि वाळू फुकट, असा सौदा आमच्या पेठेतल्या व्यापाऱ्यालाही साधलेला नाही. स्वातंत्र्यानंतर, १९५५ पासून, आपल्या ट्रॉम्बेलाच थोरियम नायट्रेट तयार होऊ लागलं, आणि ते ह्याच मेंटलांसाठी जाई. म्हणजे नवरदेवाच्या घोड्यापुढे डोक्यावर गॅसबत्ती घेऊन ज्या बायका चालत, त्यांच्या डोक्यावर अणुयुगच होतं. मजुरी बत्तीमागे. जेवण सगळ्यांचं झाल्यावर. थोरियमचा त्रास रेडियमच्या मानाने अगदीच थोडा, आणि पुढे पुष्कळ कंपन्यांनी ते सोडून इट्रियम धरलं.

पण चिरंजीवांना हवी होती बॅटरी. तीही जुनीच. ब्रिटनच्या हेन्री मोझलीने १९१३ साली रेडियमवर चालणारी पहिली करून दाखवली, आणि दोन वर्षांनी सत्तावीस वर्षांचा तो तरुण गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. १९७० साली पॅरिसमध्ये प्लुटोनियमवर चालणारा पेसमेकर माणसाच्या छातीत बसवला. प्लुटोनियम-२३८ चं अर्धायुष्य ८८ वर्षं, तेव्हा बॅटरी माणसाला पुरून उरणार. अडचण तीच झाली. अमेरिकेत नियम असा की माणूस गेला की यंत्र काढून प्लुटोनियम सरकारजमा करायचं. लॉकर बंद करताना किल्ली परत करतात तसं. पुढे लिथियमच्या बॅटऱ्या आल्या आणि ही किल्ल्यांची भानगड संपली.

आपल्या देशाची किल्ली मात्र हरवलेलीच आहे. १९६४ साली चीनने अणुस्फोट केला, तेव्हा त्याच्यावर नजर ठेवायला १९६५ साली अमेरिकेच्या आणि आपल्या हेरखात्यांनी मिळून नंदादेवीवर एक यंत्र चढवायला घेतलं. कॅप्टन मनमोहनसिंग कोहली आपल्या गिर्यारोहकांचे नेते. यंत्राला वीज पुरवायला प्लुटोनियमची पेटी. ती नेहमी ऊबदार असे, म्हणून म्हणे शेर्पांमध्ये ती पाठीवर घ्यायला चढाओढ लागे. वाटेत हवा बिघडली, सामान कड्याला बांधून मंडळी खाली आली, आणि १९६६ साली वर जाऊन पाहतात तो पेटी गायब. १९७८ साली बातमी फुटली आणि पंतप्रधान मोरारजी देसाई यांना संसदेत उभं राहून हे कबूल करावं लागलं. आमच्या शाखेत एकदा स्टेपलर हरवला होता तर तीन खुलासे मागवले होते.

अशाच पेट्यांवर १९७७ साली निघालेली दोन व्हॉयेजर यानं २०२५ सालीही आकाशात बोलत होती. निघताना प्रत्येकी ४७० वॅट, म्हणजे आमच्या मिक्सरइतकी वीज. दर वर्षी चारेक वॅट कमी. एकेक उपकरण बंद करत संसार चालवला आहे. ह्या कारभाराबद्दल मात्र आमच्या घरातही आदर आहे.

हे सगळं मी चिरंजीवांना चौथ्या रविवारी सांगितलं. व्हॉयेजर त्याने आवडीने ऐकलं. ग्रेस फ्रायरपाशी आल्यावर मोबाइल उपडा ठेवला. "मग ह्या घड्याळाचे आकडे पण कुणीतरी असेच..." एवढं म्हणून थांबला. मी सांगितलं की आप्पांच्या घड्याळापर्यंत ओठात कुंचला धरायची पद्धत बंद झाली होती. त्या मुलींच्या खटल्यामुळेच.

मग मी बँकेच्या पद्धतीने कागद केला. ‘सदर घड्याळ उघडू नये, घासू नये, फुंकू नये. आत रेडियम. अंदाजे शिल्लक साडेशहाण्णव टक्के.’ खाली डावीकडे ‘चार्ज देणार’, उजवीकडे ‘चार्ज घेणार’. नानांनी डावीकडे सही केली. उजवीकडे चिरंजीवांनी, पूर्ण नावाने.

"तारीख घाला," ही म्हणाली. मी तारीख घातली, कागद घडी करून डब्यात ठेवला. तिने तो डबा फळीवरून उचलला, अंगठ्याच्या नखाने ‘शंकरपाळे’ची चिठ्ठी खरवडून काढली आणि माझ्याकडे बघत हात धुवायला गेली.